नसवाडीकडच्या फळियांमधल्या अभ्यासवर्गासाठी ग्रँट कुठे आणि कशी मागायची?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय पण पूर्ण चित्र सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

आम्ही बडोद्यातले काही मित्रमैत्रिणी, बहुतेक सगळे नोकरीवाले, छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या नसवाडी तालुक्यात डोंगराकडच्या दोन फळियांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि एक छोटं वाचनालय चालवतो. शिकवायला तिथलेच एक मुलगा आणि एक मुलगी आहेत, दोघंही राठवा आदिवासी, बारावी झालेले, मुलांशी त्यांच्या राठवी बोलीत बोलतात. शाळेत गुजराती कानावर पडलं की गप्प होणारी पहिली-दुसरीतली पोरं यांच्यासमोर भराभर बोलायला लागली, हे काम बडोद्याहून शनिवार-रविवार जाऊन आमच्यापैकी कुणालाच जमलं नसतं. म्हणजे कामाचा सगळा जीव त्या दोघांत आहे आणि नेमका त्यांच्याच मानधनाचा प्रश्न उभा राहिलाय, कारण आत्तापर्यंत सगळं आमच्या वर्गणीवर चाललं होतं आणि आता ग्रुपमधल्या काहींच्या बदल्या झाल्या, कुणाच्या घरी आजारपण, वर्गणी निम्म्यावर आलीये.

ट्रस्ट दोन वर्षांपूर्वी चॅरिटी कमिशनरकडे रजिस्टर केलाय, १२ए आणि ८०जी (ट्रस्टला आणि देणगीदाराला आयकर सवलत देणाऱ्या नोंदण्या) दोन्ही प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, मिळाल्यात. आता तीन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे एका कंपनीच्या (नाव नको) माणसाने सांगितलं की सीएसआरमधून (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायच्या खर्चातून) मोठा टीव्ही आणि टॅब देऊ पण मानधन सीएसआरमध्ये बसतच नाही, हे खरं आहे का? त्या फळियांत पावसाळ्यात लाइट कधी जाते आणि कधी येते ते सांगता येत नाही, तिथे टीव्ही घेऊन काय करू. दुसरं, माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, तो दर महिन्याला डॉलर पाठवायला तयार आहे, घेऊ का? आणि तिसरं म्हणजे अर्जात लिहायचं काय, आमच्यातल्या कुणीच आजवर ग्रँट मागितलेली नाही.

---

हिशेबनीस_अलकापुरी

दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्यात पाय अडकला तर बाकी सगळं अडकेल. मामेभावाला एकच विचारा, पासपोर्ट कुठला आहे? भारतीय पासपोर्ट असेल, म्हणजे तो फक्त नोकरीसाठी तिकडे असेल, आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही, बिनधास्त घ्या, फक्त पासपोर्टची कॉपी आणि एक सहीचं पत्र फाइलला लावून ठेवा. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तो कायद्याने परदेशी स्रोत आहे, मग तुमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येणार नाही, पैसे त्याने त्याच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून दिले तरी.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि त्या ३ वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. तुमचा आकार बघता एवढ्यात तो रस्ता नाही. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो, कारभाराचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. त्यामुळे "आमच्या एफसीआरएमधून तुम्हाला देतो" असं कोणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा.

बाकी कागद सांगतो. प्रोव्हिजनल १२ए-८०जी तीन वर्षांसाठी असतं, मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तोवर फॉर्म १०एबी भरून पक्कं करून घ्यायचं, तुमचं काम सुरू झालंय म्हणजे तुम्ही आत्ताच तयारीला लागा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करा, फुकट आहे आणि जवळजवळ प्रत्येक अर्जात तो नंबर विचारतात. देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेच्या आत फॉर्म १०बीडीने भरायची, त्याशिवाय त्यांना सर्टिफिकेट देता येत नाही. २००० रुपयांवरची रोख देणगी ८०जीत चालत नाही. आणि आलेल्या पैशातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च व्हायला हवेत नाहीतर रक्कम जमवून ठेवण्याचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. ऑडिट रिपोर्ट दोन वर्षांचा तयार असेल तर अर्ध्या ग्रँटवाल्यांची पहिली चाळणी तुम्ही पार केलीत.

---

नंदेसरी_निवृत्त

मानधन सीएसआरमध्ये बसत नाही हे साफ चुकीचं आहे. नोकरीत असताना सीएसआरच्या फाइली बरीच वर्षं माझ्या टेबलावरून गेल्यात म्हणून खात्रीने सांगतो. लोक ज्या ५ टक्क्यांबद्दल बोलतात ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे, म्हणजे कंपनीतला स्टाफ, ऑफिस वगैरे. एखादा प्रकल्प आखायला, राबवायला, त्यावर देखरेख ठेवायला जो थेट खर्च होतो तो त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेला आहे. शिकवणाऱ्यांचं मानधन हा तुमच्या प्रकल्पाचा मुख्य खर्च, तो पूर्णपणे चालतो. टीव्ही द्यायला सोपा पडतो, फोटो निघतो, बिल एका दिवसात येतं, म्हणून तो आधी पुढे केला जातो. तुम्ही नियम दाखवून शांतपणे मानधनच मागा.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. कंपनीने स्वतः किंवा सरकारने काढलेली नसेल अशा संस्थेला सीएसआरचं काम द्यायचं तर त्या प्रकारच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, १२ए-८०जी लागतंच, आणि वर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. तुमच्या ट्रस्टला दोन वर्षं झालीत. तोपर्यंत एखाद्या जुन्या, नाव असलेल्या संस्थेसोबत काम करा, ग्रँट त्यांच्याकडे येईल, तुमच्या दोघांना मानधन थेट त्यांच्या प्रकल्पातून मिळेल आणि लेखी करारात तुमच्या ट्रस्टचं नाव आणि काम येईल. तोच पुढे तुमचा अनुभवाचा कागद.

आणि मोठ्या कंपन्यांच्या दारात रांग लावण्यापेक्षा मकरपुरा, मंजुसर, वाघोडिया, हालोलकडच्या मध्यम कंपन्या शोधा. कायद्यात आधीच्या वर्षाची नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यातलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चावे लागतात. ५ कोटी नफ्याच्या कंपन्या आपल्याकडे कमी नाहीत, त्यांची सीएसआरची रक्कम ५० लाखांच्या आत असली तर वेगळी कमिटीसुद्धा लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं, म्हणजे मालक समोर बसलेला असतो. त्याला फळियात घेऊन जा. जानेवारीनंतर अशा कंपन्यांना पैसे खर्चायची घाई होते आणि त्या घाईत चुकीच्या वस्तू विकत घेतल्या जातात, म्हणून तुम्ही पावसाळ्यातच भेटा आणि "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करायला सांगा. ज्या वर्षी सुरू होईल ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि त्या वर्षी न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामाला वापरता येते. एका वर्षाच्या ग्रँटवर माणूस नेमायचा आणि पुढच्या वर्षी त्याला घरी बसवायचं, याने गावाचा विश्वास जातो तो परत येत नाही.

सरकारी कंपन्यांकडे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यांना आकांक्षी (केंद्र सरकारने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांत जास्त खर्च करायचा असतो आणि गुजरातेत ते जिल्हे दोनच, दाहोद आणि नर्मदा. छोटाउदेपूर त्यात नाही. तुमची फळियं नसवाडीची, म्हणजे हद्दीपलीकडचं गाव नर्मदा जिल्ह्यात येतं. गरज सारखीच आहे, पण कागदावर फरक पडतो.

---

कवांटवाली

दादा, मी त्या पट्ट्यात बरीच वर्षं आरोग्याचं काम करते म्हणून वरच्या दोघांनी जे सांगितलं ते सोडून बाकीचं सांगते, आणि जरा कळकळीने सांगते, राग मानू नका.

अर्ज लिहायच्या आधी फळियात बसा. बडोद्यात बसून प्रस्ताव लिहिला की त्यात एप्रिल ते मार्च असं वर्ष येतं आणि दर महिन्याला सारखी हजेरी येते. तिकडचं वर्ष तसं नसतं. दिवाळी झाली की घरंच्या घरं काठियावाडात भागाने शेती करायला किंवा बडोदा-सुरतेला बांधकामावर जातात, पोरं बरोबर जातात, आणि होळीला, मेळ्याला परत येतात. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्या वर्गाची हजेरी पडणारच. ते आधी लिहिलंत तर ती माहिती ठरते आणि नंतर रिपोर्टमध्ये सांगितलंत तर अपयश ठरतं. त्याहून चांगलं म्हणजे त्या महिन्यांसाठीच पैसे मागा, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे जी पोरं राहू शकतात त्यांच्या जेवणाची आणि झोपायची सोय झाली तर आईबाप पोराला ठेवून जायला तयार होतात, हे मी खूप घरांत पाहिलंय. शाळा सुटायचं खरं कारण तिथे आहे, टॅब नसण्यात नाही.

मग पावसाळा. कोतरं, म्हणजे ओढे-घळी, भरून आली की आतल्या फळियांचा रस्ता तुटतो. आजही बाळंतपणाच्या बाईला झोळीत घालून माणसं डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणतात आणि तिथे १०८ उभी असते. तुमचे दोघं तिथलेच आहेत म्हणून वर्ग चालू राहील, पण पुस्तकं, वह्या, सोलरची बॅटरी जे लागेल ते जूनच्या आधी वर पोचलं पाहिजे. आणि ग्रँटचा पहिला हप्ता बहुतेकदा उशिरा येतो. म्हणून तीन-चार महिन्यांचं मानधन हातात असल्याशिवाय काम वाढवू नका. बडोद्यातल्या माणसाचा पगार लांबला तर तो उसने घेतो, पण फळियातली मुलगी एक महिना थांबेल, दुसऱ्या महिन्यात घरचे तिला मजुरीला पाठवतील, आणि त्यात तिचा काहीच दोष नसेल.

मानधनाचा आकडा खरा लिहा. स्वस्तात काम करतो असं दाखवलं की ग्रँट मिळते असं लोकांना वाटतं, मला ते अजिबात पटत नाही. राठवीत शिकवू शकणारा, रात्री-अपरात्री घरी जाऊन पालकांशी बोलणारा माणूस हा तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात कुशल माणूस आहे, आणि त्याला बडोद्यातल्या ड्रायव्हरपेक्षा कमी पैसे दिले तर तो गरिबांच्या नावाने गरिबाकडूनच घेतलेला पैसा झाला. कोणी विचारलं तर हे असंच सांगा.

आणखी एक. जे सरकारचं काम आहे त्यावर देणगीदाराचा पैसा घालू नका. हातपंप, रस्ता, अंगणवाडीची खोली, यासाठी ग्रामसभेचा ठराव करा. छोटाउदेपूर जिल्ह्यात डोलोमाइटच्या खाणी आहेत, कडीपाणीला फ्लोरस्पार निघतो, २०१५ च्या कायद्याने खाणवाल्यांना जिल्हा खनिज फाउंडेशनमध्ये पैसे भरावे लागतात आणि ते खाणीमुळे झळ लागलेल्या गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी आहेत. तो पैसा लोकांचा हक्काचा आहे. तो ठरावाने मागायचा आणि देणगीचा पैसा जिथे सरकार पोचत नाही तिथे, म्हणजे तुमच्या त्या दोघांवर, लावायचा.

---

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मामेभावाला विचारलं, त्याने मागच्याच वर्षी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे तो विषय संपला. तो म्हणाला की इथे त्याचे शाळेतले मित्र आहेत, सगळे भारतात राहणारे, त्यांना तो स्वतःहून विचारेल की तुम्ही तुमच्या खिशातून देता का.

कवांटवाली ताई, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून आमच्या दोघांशी फोनवर बोललो. मुलगी लगेच म्हणाली की फळियात एक मोठं घर आहे, त्यांची आजी राहते, तिथे दहाबारा मुलं राहू शकतील, जेवणाचं बघावं लागेल. म्हणजे तिच्या डोक्यात हे आधीपासून होतं, फक्त आम्ही विचारलंच नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. गावाकडून काही वाटा घ्यावा का? आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन तट आहेत, काही म्हणतात इतक्या गरीब लोकांकडून मागणं बरं दिसत नाही.

---

वाचनालयवाले_काका

या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आयुष्य ग्रंथालयात गेलंय आणि बडोद्याच्या माणसाने हे विसरू नये असं मला फार वाटतं.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन साहेबांना आणून राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, त्याच्या आधीच मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळाच्या नावाने गावोगाव वाचनालयं सुरू केली होती. तर या गाव-वाचनालयांच्या ग्रँटचा नियम असा होता की गावाने वर्षाला १०० रुपयांपर्यंत जेवढे जमवले तेवढेच सरकार देणार आणि तेवढेच प्रांत पंचायत देणार. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन होणार, पण पहिला रुपया गावाचा. मोठ्या गावांसाठी हीच मर्यादा ३०० ची होती. आणि ज्या ठिकाणी वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत, त्यांच्या नेण्या-आणण्याचा खर्च राज्याचं ग्रंथालय खातं करायचं, गावावर नाही. दूरच्या गावाला अंतराचा भुर्दंड पडू द्यायचा नाही, पण वाचनालय आमचं आहे असं गावाने आधी म्हटलं पाहिजे, हे दोन्ही त्यांनी एकाच योजनेत बसवलं होतं. नसवाडीचा पट्टा तेव्हा बडोदा राज्याबाहेर छोट्या संस्थानांत होता, त्यामुळे तुमच्या फळियांपर्यंत यातलं काही पोचलं नाही. मला वाटतं ते पोचवायचं आता आपल्याकडे आहे.

तेव्हा वाटा जरूर घ्या, पण तो काय असावा ते फळियाला ठरवू दे. पैसेच हवेत असं नाही. मका, लाकडं, खोलीचं शाकारणं, सगळं चालेल. आणि वहीत नावासकट लिहा.

---

इंदूरहून

काकांशी पूर्ण सहमत. आमच्या बाजूला झाबुआत भिल्लांची हलमाची रीत आहे, एखाद्याचं काम अडलं की हाक द्यायची आणि सगळं गाव मजुरी न घेता येऊन ते करून देतं. त्याच रीतीवर हाथीपावा डोंगरावर हजारो लोकांनी येऊन पाणी अडवायचे चर खणले. असं श्रमदान अर्जात लिहिताना लोक "लोकसहभाग चांगला होता" एवढंच लिहून सोडतात. तसं नका करू, किती माणसं किती दिवस आली आणि त्या दिवसाची मजुरी धरली तर किती होते ते बजेटमध्ये गावाचा वाटा म्हणून रीतसर मांडा. देणाऱ्याला कळतं की आपण पहिले नाही आहोत, आपल्या आधी गावाने टाकलंय.

---

हिशेबनीस_अलकापुरी

इंदूरवाल्यांचं बरोबर आहे, फक्त श्रमदानाची किंमत प्रस्तावात वेगळ्या रकान्यात दाखवा, जमा-खर्चाच्या हिशेबात रोख देणगी म्हणून घालू नका. हजेरीपट आणि सह्या किंवा अंगठे ठेवा.

आणि नंदेसरीवाल्या काकांनी जुन्या संस्थेसोबत जायचं सांगितलं त्यात एक जोड देतो. ग्रँट त्यांच्याकडे येऊन त्यांनी ती पुढे तुमच्या ट्रस्टला देणगी म्हणून दिली तर आयकरात त्यांचा फक्त ८५ टक्केच खर्च धरला जातो, म्हणून मोठ्या संस्था तशाने नाखूश असतात. मानधन त्यांनीच थेट दिलं तर ही भानगड राहत नाही. बोलणी करताना हाच प्रस्ताव तुमच्याकडून आधी ठेवा.

---

मांजलपूरकर

ठरलं तर मग. जुन्या संस्थांपैकी दोघांशी बोलतोय, आणि मंजुसरच्या एका मध्यम कंपनीत आमच्यातल्या एकीची ओळख आहे, त्यांना पावसाळ्यात फळियात न्यायचं असं म्हणतोय. ताई, ग्रामसभा कधी गाठावी? आणि वाट्याचं बोलणं ग्रामसभेत काढू की फळियात?

---

कवांटवाली

वाट्याचं फळियातच काढा, रात्री जेवणं झाल्यावर, आणि बोलायचं काम तुमच्या त्या मुलीला द्या, तुम्ही बाजूला बसा. ग्रामसभेत सगळी फळियं येतात, तिथे एका फळियाचा विषय मागे पडतो आणि बायका बोलत नाहीत. ग्रामसभेला फक्त ठराव न्या, खोली वापरायला द्यावी आणि अंगणवाडीचं काम खनिज फंडातून व्हावं असे दोन वेगळे. २६ जानेवारी आणि १ मे ला घरं रिकामी असू शकतात, कोण कामावरून आलंय कोण नाही याचा नेम नसतो. १५ ऑगस्टची ग्रामसभा पकडा, पेरण्या उरकलेल्या असतात, माणसं गावात असतात. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल तलाटीकडून त्याच आठवड्यात घ्या. कंपनीच्या माणसांना ऑगस्टच्या शेवटी आणा, कोतर उतरलेलं असेल तर चालत वरपर्यंत न्या, आणि त्या दिवशी वर्ग नेहमीसारखाच घ्या, हारतुरे आणि स्वागतगीत काही ठेवू नका.